त्रनोव्याच्या शाळेतलं दुपारचं टेबल

सोमवार, ६ मार्च

आज वर्ग सुरू झाला. सात जण यायचे होते, सहा आले. त्यातला एक तर पूर्ण वेळ खिडकीबाहेरच्या करकोच्यांच्या रिकाम्या घरट्याकडे बघत होता. त्याचं नाव तिबोर. नगरपालिकेच्या रस्ते विभागात इंजिनिअर आहे. ओळख करून द्यायला सांगितली तर म्हणतो, "साहेबांनी पाठवलं म्हणून आलो. मी खड्डे बुजवतो. आरोग्यातलं मला काही कळत नाही."

मी त्यांना सगळं समजावलं. सरकार एखादा निर्णय घेतं, रस्ता काढतं, शाळा बंद करतं, अनुदान देतं, तेव्हा त्याने लोकांच्या तब्येतीवर काय होईल हे निर्णयाच्या आधी विचारायचं. आजवर त्यासाठी राजधानीहून तज्ज्ञ यायचे, हॉटेलात राहायचे, जाड अहवाल टाकून निघून जायचे. आता आपल्या भागातल्या माणसांनीच हे शिकायचं आणि करायचं. त्याला नाव आहे आरोग्य-परिणाम मूल्यमापन.

माल्चि म्हणाली, "म्हणजे 'मग पुढं काय' असं विचारत बसायचं ना? ते मी घरी नवऱ्याला रोज विचारते." ती घरोघर जाणारी परिचारिका. तीस वर्षं सायकलवरून या भागातली प्रत्येक जिना-पायरी चढलेली. सगळे हसले. मीही हसले, पण व्याख्या इतकी सोपी करून टाकणं मला रुचलं नाही.

पहिला सराव म्हणून मध्यवर्ती स्वयंपाकघराची योजना घेतली आहे. नऊ गावांतल्या शाळांमध्ये आज नऊ स्वयंपाकघरं आहेत, नऊ आचारी आहेत आणि मीठ टाकणारे नऊ सैल हात आहेत. त्याऐवजी वर्बानमध्ये एकच मोठं स्वयंपाकघर व्हायचं आणि तिथून गाडीने जेवण जायचं. ही योजना आमच्या आरोग्य संस्थेचे संचालक डॉ. रायनार यांनी निवडली. "सोपं आहे, येर्नेया. पोहायला शिकवताना आधी उथळ पाणी बरं."

तिथला आहार मी आखलाय, दोन वर्षं खपून. म्हणजे मी माझंच काम तपासायला देते आहे. पण त्यात लपवण्यासारखं काही नाही, मग हरकत काय?

तिबोरने दिवसभरात एकच प्रश्न विचारला, "ही गावातली स्वयंपाकघरं दुपारी नक्की कोण वापरतं?"

"मुलं," मी म्हणाले.

मंगळवार, १४ मार्च

फळ्यावर बाण काढले. नवं स्वयंपाकघर, त्यातून कमी मीठ, त्यातून पुढे निरोगी रक्तवाहिन्या. चित्र छान, नीटनेटकं झालं. तिबोर उठला, 'स्वयंपाकघर बंद' या शब्दांपासून एक बाण ओढत फळ्याच्या कडेपर्यंत नेला, तिथे प्रश्नचिन्ह काढलं आणि जागेवर जाऊन बसला. तो बाण कुठेच जात नव्हता, म्हणून वर्ग संपल्यावर मी पुसून टाकला.

बाहेर गारठा होता. त्याने मला गाडीतून घरी सोडलं. म्हणाला, वाटेतच आहे. त्याचं गाव हंगेरीच्या सीमेकडे, माझं घर अगदी उलट्या बाजूला. इकडे काहीतरी काम असणार.

गुरुवार, २३ मार्च

सगळ्या शाळांमधून सुपाचे नमुने आणले. मी म्हटलं होतं तेच निघालं. त्रनोव्याच्या शाळेचं सूप सगळ्यांत खारट. तिथली आचारीण इरेंका, दंडांवर पीठ, तोंडाने तिखट. मी आकडे सांगितले तर म्हणते, "मिठानं आमच्या गावात अजून कोणी मेलं नाही."

"मेलेत, इरेंका," माल्चि म्हणाली. "शेवटची कित्येक वर्षं मीच जात होते त्यांच्या घरी."

इरेंकाने डाव सुपात आपटला आणि पाठ फिरवली. मला फार बरं वाटलं. आम्ही निघालो, तिबोर मागे राहिला. शाळेसमोरचा रस्ता बघायचाय म्हणे.

बुधवार, ५ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तिबोर दोन आठवडे मागे लागला होता की त्रनोव्याला पुन्हा जाऊ, पण मुलांची जेवणं उरकल्यावर. मी म्हटलं, तेव्हा बघायला काय उरतं? तो म्हणाला, "म्हणूनच तर."

मी, माल्चि आणि तो गेलो. मुलांच्या खोलीत, मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर, गुडघे पार छातीशी घेऊन गावातली म्हातारी माणसं बसली होती. डझनभर तरी असतील. पुढ्यात तेच खारट सूप आणि मागून डुकराच्या मांसात शिजवलेला आंबट सलगम. काही वर्षांपूर्वी आधीच्या मुख्याध्यापिकेने हे सुरू केलं. इरेंका भांडं थोडं मोठं चढवते, इतकंच. योजनेच्या कागदांत याचा कुठेही उल्लेख नाही.

एक आजीबाई, गिझेला नाव, ऐंशी पार केलेली, ओठांना लाल रंग, माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ मोजणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मग बसा. उभ्याने मोजू नका."

मी बसले आणि वहीत कोण किती वाढून घेतंय ते टिपायला लागले. तेवढ्यात गिझेला इकडेतिकडे बघत म्हणाली, "ओस्कर का नाही आला?" कोणालाच माहीत नव्हतं. "काल म्हणाला होता, सलगम आहे तर नक्की येणार." तिने चमचा खाली ठेवला. माल्चि उठली, कोट घेतला आणि गेली. तिबोर तिच्यामागे धावला.

ओस्कर न्हाणीघरात पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गार पडलेलं, पण शुद्धीवर. रुग्णवाहिका आली तेव्हा तो माल्चिला विचारत होता म्हणे, "सलगम संपला का?"

परत येताना गाडीत मी म्हटलं, एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही. माल्चि म्हणाली, "नाहीच होत, पोरी." पण ज्या सुरात म्हणाली तो सूर अजून कानात आहे.

गुरुवार, २० एप्रिल

वर्गात भांडण झालं. मी सांगितलं, आपल्या मूल्यमापनाची हद्द शाळेतली मुलं एवढीच आहे.

"ही हद्द कोणी आखली?" माल्चिने विचारलं.

"मी."

मग तिबोर म्हणाला, "डॉक्टरबाई, रस्ता आखताना आम्ही पण नकाशावर फक्त रस्ता काढतो. कोणाचं शेत मधोमध चिरलं, ते तो माणूस कुऱ्हाड घेऊन आला की कळतं."

"मग मी आता कुऱ्हाडीची वाट बघू?"

"नाही. म्हणून तर आपण शिकतोय ना हे?"

मी चिडले. सुट्टी लवकर दिली. घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच पाव आणि वाळवलेलं मांस खाल्लं आणि विचार करत राहिले. मी आखलेल्या आहारावर दोन वर्षांत कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि मला वाटत होतं की त्याचा अर्थ तो निर्दोष आहे.

उद्या हद्द वाढवते. बाकीच्या आठ गावांत दुपारी काय चालतं ते बघायला हवं. मजा अशी की, काय सापडेल हे मला खरंच माहीत नाही, आणि तरी सकाळ कधी होते असं झालंय.

बुधवार, १० मे

एकूण नऊ गावं. चार गावांत म्हाताऱ्यांचं असं जेवणाचं टेबल आहे. तीन गावांत म्हातारी माणसं डबा घेऊन येतात, दाराशी दोन शब्द बोलतात आणि जातात. दोन गावांत काहीच नाही.

आम्ही त्या सगळ्यांचे रक्तदाब घेतले. बहुतेकांचे वाढलेले. त्रनोव्यात सगळ्यांत जास्त. म्हणजे मी मिठाबद्दल चुकले नव्हते, हे इथे ठळक लिहून ठेवते. पण माल्चि म्हणते, टेबल असलेल्या गावांतून तिला बोलावणी कमी येतात, आणि येतात ती वेळेवर येतात. दुखणं हाताबाहेर जायच्या आत. हे तिच्या आठवणीवरून, मोजमाप नाही. मी विचारलं, "हे सिद्ध कसं करणार?" ती म्हणाली, "ते तू शिकव ना. त्यासाठीच तुला पगार आहे."

अहवालातलं या टेबलांवरचं आमचं प्रकरण तयार झालं. सहा जणांनी मिळून लिहिलं. भाषा ओबडधोबड, पण त्यात एकही वाक्य असं नाही की ज्यामागे कोणी जाऊन पाहिलेलं नाही. तिबोरने पत्ता काढला की ओस्कर वर्बानच्या वृद्धाश्रमात आहे. त्याला भेटायला गेला आणि जाताना मलाही घेऊन गेला. परतताना नदीकाठी थांबून कॉफी घेतली. करकोचे आलेत. तो त्यांच्याबद्दल बराच वेळ बोलत होता. विषयांतर करायची त्याला फार सवय आहे.

शुक्रवार, १९ मे

डॉ. रायनार यांनी बोलावलं. टेबलावर आमचा अहवाल.

"येर्नेया, अगं मुलांचं जेवण तपासायला सांगितलं होतं. म्हाताऱ्यांची मैफल नाही."

"सर, स्वयंपाकघर बंद झालं की ते टेबलही बंद होतं."

"आणि हे प्रकरण सभेपुढे गेलं की स्वयंपाकघर अडकतं. मुलांना दर दिवशी मिठाचा खडा चाटायला घालायचा का, आणखी पाच वर्षं? तूच आकडे काढलेस ना?"

तेही खरं आहे. ते वाईट नाहीत. वीस वर्षं ते या भागातल्या हृदयविकाराशी झगडतायत. त्यांनीच मला इथे आणलं, शिकवलं.

मी प्रकरण काढून टाकलं नाही. मागे परिशिष्टात टाकलं, बारीक अक्षरात. असं केलं की सरांचं आणि वर्गाचं, दोघांचंही मन राहतं.

वाचून बघितलं. कोणाचंच राहत नाही.

बुधवार, ७ जून

नगरपालिकेची सभा. माझं सादरीकरण. वर्गातले सहाही जण मागे लोकांच्या बाकावर बसले होते. सभेआधी माल्चिने अहवाल चाळला, परिशिष्टाशी थांबली आणि म्हणाली, "आमची नावं पहिल्या पानावर आणि आमचं काम शेवटच्या पानावर? मग आमची नावंही तिकडेच घाल." तिबोर नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते जास्त लागलं.

मी आहार सांगितला, तक्ते दाखवले. महापौर सेचको खुशीत. "म्हणजे डॉक्टरबाई, सगळं चांगलंच की!"

इथे मी 'हो' म्हणायचं होतं. पहिल्या रांगेत डॉ. रायनार बसले होते. मी म्हणाले, "नाही. अर्धंच चांगलं आहे. उरलेलं अर्धं तिबोर सांगेल. ते त्याने शोधलं."

तिबोर उठला. माणूस बोलायला इतका वाईट असेल असं वाटलं नव्हतं. हातातल्या कागदावरून दोनदा तोच परिच्छेद वाचला. पण टेबल सांगितलं, ओस्कर सांगितला, नऊ गावं सांगितली.

महापौर वैतागले. "तिबोर, तू आपले खड्डे बुजव."

"बुजवतोच आहे, साहेब. एक नवा पडायच्या आधी सांगतोय."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग एक सदस्य, मोठा शेतकरी, खाकरून म्हणाला, "माझी आई जेवते तिथे. मला वाटायचं ती शाळेत झाडं बघायला जाते." त्यानंतर मात्र सगळेच बोलायला लागले.

शेवटी ठरलं ते असं. मुलांचं जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येणार. टेबल असलेल्या चारपैकी तीन गावांत जुनं स्वयंपाकघर म्हाताऱ्यांसाठी चालू राहणार. त्रनोव्याची गॅसची जोडणी आणि धुराडं धोक्याचं म्हणून ते बंद. तिथल्या लोकांना घरपोच डबे, माझ्या आहाराप्रमाणे.

म्हणजे जिथून आम्हाला सगळं कळलं, नेमकं तेच गाव गेलं.

डॉ. रायनार माझ्याशी न बोलता निघून गेले.

सोमवार, ४ सप्टेंबर

नवं स्वयंपाकघर सुरू झालं. सूप मोजलं. हवं तेवढंच मीठ. मुलांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली, पण भांडी रिकामी झाली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्रनोव्याचं स्वयंपाकघर बंद. इरेंका म्हणे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात हॉटेलात काम बघतेय.

बुधवार, ८ नोव्हेंबर

पुस्तकात या कामाची शेवटची पायरी अशी दिलेली असते, निर्णयानंतर काही महिन्यांनी जाऊन बघा, खरंच काय झालं. ही पायरी कोणीच चढत नाही. तोवर निधी संपलेला असतो. माझाही संपला होता. तिबोरने गाडी काढली, माल्चिही आली.

गिझेलाचा रक्तदाब उतरलाय. चांगलाच. वजनही कमी झालंय. माझ्याकडच्या तक्त्यात हे दोन्ही रकाने 'सुधारणा' म्हणून भरायचे असतात.

मी विचारलं, डबा येतो ना? ती म्हणाली, हो, रोज येतो, तरुण मुलगा आणतो, फार सभ्य आहे, पण घाईत असतो. मग मला परसात घेऊन गेली. कोंबड्या चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या.

"आणि तुम्ही काय खाता?"

"कॉफी. पाव बुडवून." तिने ओठांना रंग लावलेला नव्हता. "एकटीसाठी ताट कोण मांडत बसतं, डॉक्टरबाई? तुम्ही मांडता?"

मी पुढचा प्रश्न विचारला.

शेजारच्या गल्लीत एका दारात तीन डबे एकावर एक. तिबोरने खांदा लावून दार जवळजवळ मोडलंच, तेव्हा समोरच्या बाईने खिडकीतून ओरडून सांगितलं की तिथली आजी मुलीकडे, ऑस्ट्रियात ग्राझला गेली असावी, पण नक्की माहीत नाही. माल्चिने फोन केले. ग्राझलाच होती, मजेत. पण तीन दिवस गावात कोणालाच पत्ता नव्हता.

गाडीत मी तक्ता मांडीवर घेऊन बसले. नुसता हा कागद माझ्याकडे आला असता, तर मी लिहिलं असतं, त्रनोव्यात उत्तम निकाल. मी तिबोरला विचारलं, "काय लिहू?"

"दोन्ही."

"दोन्ही लिहिलं तर सर म्हणतील, मी स्वतःचीच योजना पाडतेय."

"मग त्यांनाही घेऊन ये इकडे. तुझ्यासारखंच त्यांनाही कोंबड्या बघू दे." आज पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला. दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढे बराच वेळ तो रस्त्यातले खड्डे दाखवत होता.

मंगळवार, ५ डिसेंबर

आज नगरपालिकेची पुन्हा सभा होती. तिच्या आधी मी स्वतःहून डॉ. रायनारांकडे गेले. सगळं सांगितलं. रक्तदाबही आणि कॉफीत बुडवलेला पावही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वजन किती उतरलं म्हणालीस?" मी सांगितलं. "त्या वयात ते चांगलं नाही." मग, "मला वाटलं होतं हे उथळ पाणी आहे." इतकंच. सभेला आले नाहीत, पण मला अडवलंही नाही.

मी दोन्ही वाचून दाखवलं, पहिल्याच पानावरून. महापौर म्हणाले, "पण ते धुराडं अजून तसंच आहे, बाई."

तिबोरने हात वर केला. या वेळी त्याच्या हातात कागद नव्हता. गावाच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाच्या इमारतीत चांगलं स्वयंपाकघर आहे, वर्षातून दोनदा जत्रेला वापरतात, धुराडं गेल्या वर्षीचं. आठवड्यातून दोन दुपारी ते द्यायला तयार आहेत. त्याने आधीच विचारून ठेवलं होतं.

मंजूर झालं, काठावर. अट एकच, मीठ डॉक्टरबाई ठरवतील.

सभेनंतर शेजारच्या नगरपालिकेच्या सचिव भेटल्या. त्यांना नव्या खाणीच्या रस्त्याबद्दल असंच तपासून हवंय. मी डायरी काढली, तर त्या म्हणाल्या, "नाही, तुम्हाला त्रास नको. माल्चिबाई आणि बाकीचे येतायत, त्यांच्याशी बोलणं झालंय." क्षणभर वाईट वाटलं. घरी पोचेपर्यंत मात्र मी एकटीच हसत होते. मला हेच तर करायचं होतं.

मंगळवार, ९ जानेवारी

त्रनोव्यात पहिली दुपार. अग्निशामकांच्या सभागृहात खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या, त्यामुळे सगळे एकदम रुबाबदार दिसत होते. गिझेलाचे ओठ लाल. ओस्करला माल्चिने आश्रमातून काठीसकट आणलं. इरेंका ऑस्ट्रियाला गेलीच नव्हती. तिने माझ्यासमोर मीठ मोजून टाकलं, चमचा उलटा करून दाखवला आणि म्हणाली, "घ्या. माझं नाव सांगू नका कोणाला."

सगळ्यांनी पहिला घोट घेतला.

"आजारी कोण आहे?" ओस्करने विचारलं.

गिझेलाने पर्स उघडली, आतून मिठाची बाटली काढली, आपल्या ताटलीत दोनदा झटकली आणि शेजाऱ्याकडे दिली. बाटली टेबलाभोवती फिरायला लागली. माल्चि छताकडे बघत होती. मी सूप चाखून बघितलं. दोन वर्षं मी या सुपाचे आकडे लिहिले, पण भूक लागलेली असताना, माणसांत बसून, ते कधी प्यायले नव्हते. फारच पचपचीत आहे.

बाटली माझ्यापर्यंत आली. मी मीठ न घेता ती तिबोरकडे सरकवली. त्यानेही न घेता पुढे दिली. का ते कळलं नाही, त्याला तर खारट आवडतं. त्याने सगळं सूप संपवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "छान आहे," आणि सगळं टेबल हसायला लागलं.

इरेंकाशी बोलले. गुरुवारी लसूण दुप्पट, वर शहाजिरं आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालून बघायचं. ती म्हणाली, त्याने काही होणार नाही. मी म्हटलं, बघू या ना. परवा बाराच्या आत पोचायचं आहे. तिबोर म्हणतो, वाटेतच आहे, घ्यायला येतो.